बॉनेटला कान लावणारे मामा

माझे सासरे कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी त्याला कान लावत. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, कमरेत वाकायचं, उजवा कान पत्र्यावर टेकवायचा, डोळे मिटायचे आणि मोकळ्या हातानं आजूबाजूच्यांना गप्प राहायची खूण करायची. इंजिन बंद असलं तरी हा विधी चुकत नसे. बंद इंजिनातून त्यांना काय ऐकू येई ते त्यांनाच ठाऊक. मग ताठ उभं राहून, टोपी चढवून ते निकाल देत. कुणी म्हणालं की अहो, आधी उघडून तरी बघू, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "गाडीला काय इचारता? मला इचारा!"

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. वडवणीत मामांना सगळे माणिकराव ओव्हरशियर म्हणून ओळखत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात. तसं बोलणारी माणसं वडवणीच्या बाजारात पुष्कळ भेटतील, कारण ती मामांबरोबर चहा प्यायलेली आहेत. मी त्यांच्या घरात राहिले आहे.

नोकरीत असताना मामांच्या देखरेखीखाली एक पाझर तलाव झाला होता. पाऊस उघडला की थोड्याच दिवसांत त्याचा तळ दिसायचा. गावातले लोक तक्रार घेऊन आले, तेव्हा मामा त्यांना म्हणाले, "पाझर तलाव हाय त्यो. पाझरणारच की. कावून आला इतक्या लांब?" लोक हसले आणि परत गेले. मामांचं सगळं भांडवल एवढंच होतं. त्यांचं बोलणं ऐकून माणूस हसायचा आणि हसला की कशासाठी आला होता ते विसरायचा. लग्न होऊन आल्यावर वर्षभर मीही हसत होते.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. लग्नसराईत घरोघरच्या खुर्च्या, बाजा, पातेली मांडवात जातात आणि परत येताना त्यांची अदलाबदल होते. म्हणून लोक भांड्यांवर नावं घालून घेतात. मामांना नावाचा भरवसा नव्हता. ते पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन बसत आणि घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पायाला खालून चार बोटांवर एक पांढरं कडं काढत. खुर्चीच्या चारही पायांना कडं, बाजेला कडं, शिडीला कडं. पाहुणा आला की दाखवत, "आपली वस्तू कुठंबी गेली तरी वळखू आली पायजे."

माझे वडील लिंबागणेशला शाळेत शिपाई होते. मुलीचा बाप म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्यानं माझ्या बाबांना सासरच्या ओसरीत आलेलं बघायला हवं होतं. चपला पायरीखाली, पिशवी मांडीवर, आवाज खाली. व्याह्यांना ते 'साहेब' म्हणत. माझ्या मुलाच्या बारशाला घरात गर्दी झाली, तेव्हा बाबांनी चांगल्या खुर्च्या इतरांसाठी सोडल्या आणि भिंतीला घडी करून ठेवलेली निळी लोखंडी खुर्ची स्वतः उघडून घेतली. बसले आणि पाठीमागे उताणे पडले. टोपी एकीकडे, चष्मा एकीकडे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खुर्चीचा मागचा एक पाय खालून तुटलेला होता.

मामांनी ती झटकन उचलून आत नेली आणि बाहेर येऊन म्हणाले, "इवाई, नातवाच्या आनंदात खुर्ची मोडली की तुमी!" बाबा हात जोडून उभे राहिले. मग ते तुटलेला तुकडा शोधायला लागले. मिळाला तर वेल्डिंग करून आणतो म्हणाले. अंगणात शोधलं, गाडीखाली वाकून बघितलं, शेवटी नवीन धोतराचा सोगा वर खोचून नालीत हात घातला. तुकडा काही सापडला नाही. मामा ओसरीच्या खांबाला टेकून बघत होते. "ऱ्हाऊ द्या, उडाला आसंल कुटंतरी," म्हणाले. त्या दिवसापासून खुर्चीच्या आखूड पायाखाली वीट आली आणि मामांच्या तोंडी एक गोष्ट आली. कोणी पाहुणा त्या खुर्चीकडे वळला की ते म्हणत, "जपून बरं का, आमच्या इवायांनी मोडलीया ती." बाबा त्यानंतर आमच्याकडे कधीच खुर्चीत बसले नाहीत. सतरंजीवर बसायचे, भिंतीला पाठ लावून.

आता गाडी. मामांनी निवृत्तीनंतर दिल्लीकडची एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. दिल्लीच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात आणि घेणाऱ्याला स्वस्तात शहाणपण देऊन जातात. मुलाच्या बारशाआधी त्याच उन्हाळ्यात गाडीत डाव्या बाजूला पायाखालची चटई सारखी ओली व्हायला लागली. इंजिनातलं पाणी कुठूनतरी आत गळत होतं. मामांनी गॅरेजला नेली नाही. बारशाला चार दिवस असताना एका दुपारी पत्र्याच्या शेडचं दार लावून घेतलं, आत खाटखूट केली आणि संध्याकाळी बाहेर येऊन सांगितलं की गळती बंद. खरंच बंद झाली होती. कशी, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं ते तुम्हाला आता माहीत आहे.

पुढे आत्याबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस. त्यांना सकाळची पहिली पाळी मिळाली होती, म्हणजे वडवणीहून पहाटे अंधारात निघायचं. माझे यजमान संदीप नोकरीला पुण्यात, म्हणून गाडी मी चालवायची. मी इथल्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आत्याबाईंचे रक्ताचे रिपोर्ट माझ्या हाताखालून जायचे, त्यामुळे एक पाळी चुकली तर काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मामा पुढच्या सीटवर बसत आणि रस्त्यानं मला गिअर शिकवत. दवाखान्यात गेल्यावर एकदा त्यांनी डायलिसिसच्या मशीनलाही कान लावला. तिथल्या सिस्टरनं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून ते दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगत होते, "मोटर घासायलीय आतली. पर सांगून ऐकतंय कोण?"

बीडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो. बीडची थंडी फक्त पहाटे रस्त्यावर असणाऱ्यांनाच कळते. त्या वर्षी मार्गशीर्षात हात स्टिअरिंगवर आखडायचे. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे रांगेनं चाललेल्या, त्यांच्या मागे दिवे नाहीत, आणि आमची काच आतून धुरकटलेली. वाफ धरू नये म्हणून मामा पुढे वाकून काचेला तंबाखू चोळत. आत्याबाई मागे वाकळ पांघरून पाय पोटाशी घेऊन पडलेल्या असत. आधीच अंगात रक्त नाही, त्यात मशीनवरून उतरलेल्या माणसाला आतून हुडहुडी भरते. परतताना त्यांचे दात वाजलेले मला पुढे ऐकू यायचे. मी हीटरचं बटण फिरवलं तर पंखा जोरात सुरू व्हायचा आणि गार वारा यायचा. इंजिन तापलेलं, काटा बरोबर जागेवर आणि वारा मात्र गार.

मामांनी कान लावला आणि सांगितलं, गॅस संपलाय. त्यांनी माजलगावला जाऊन एसीत गॅस भरून आणला. हीटरला गॅस लागत नाही हे मी आधी सांगितलं होतं. त्यानंतर गार वारा आणखी गार येऊ लागला. मग त्यांना फ्यूज ऐकू आला. फ्यूज बदलल्यावर गाडीतला आतला दिवा लागायचा बंद झाला. मग म्हणाले, इंजिनच पुरेसं तापत नाही, आणि रेडिएटरच्या पुढे खोक्याचा पुठ्ठा बांधला. त्या दिवशी चढावर काटा लाल रेषेला टेकला आणि मी गाडी थांबवून पुठ्ठा फाडून फेकला. शेवटी त्यांनी घमेल्यात निखारे घालून मागच्या सीटखाली ठेवायचा बेत सांगितला. बंद गाडीत निखारे ठेवले तर आपण तिघंही बीडला पोचणार नाही, असं मी म्हणाले. ते हसून म्हणाले, "पुस्तकं वाचून डोकं फिरलंय सूनबाईचं."

मी स्वतः बॉनेट उघडायला गेले की मामा येऊन उभे राहत. नेहमी एकाच जागी. इंजिनाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर कोपर टेकवून. "इकडं हात घालू नको, चटका बसंल." वडवणीतल्या गॅरेजवाल्याजवळही तसेच उभे राहिले. त्या बिचाऱ्याचा अर्धा धंदा मामांच्या ओळखीवर चालायचा, तो कशाला कोपर बाजूला करा म्हणेल? ते तसे का उभे राहतात हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, फोटोत उभं राहायची सवय असते तशी ही एक सवय.

एका पाळीच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, उद्या मला न्हाई यायचं."

मी म्हणाले, "असं कसं चालेल, आत्याबाई?"

"सुईचं भ्या न्हाई मला. थंडीचं हाय. त्या गाडीत बसायचं म्हणलं की आदल्या दिसापासून अंग कापतंय. मशीनवर मेले तर चालंल, पर गाडीत गोठून न्हाई मरायचं."

आयुष्यात ज्या बाईनं भाजीत मीठ कमी आहे एवढंही कधी बोलून दाखवलं नाही, ती हे म्हणत होती. मी त्यांना कसंबसं तयार केलं आणि शब्द दिला की उद्याच्या उद्या बीडला गाडी दाखवते. मामा शेजारीच बसून शेंगा फोडत होते. ते म्हणाले, "बीडच्या गॅरेजवाल्यांना काय कळतंय? लई पाहिलेत." बायको त्यांच्यापासून हातभर अंतरावर कापत होती आणि हा माणूस शेंगदाण्याची साल फुंकत होता.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मशीनवर गेल्यावर मी गाडी अझीमच्या गॅरेजला नेली. मामा अर्थातच बरोबर आले. त्यांनी टोपी काढली, कान लावला, हात वर केला. अझीम पाना हातात धरून थांबला. त्याला घाई नव्हती आणि आदरही नव्हता. "झालं का, काका?" एवढंच म्हणाला. मामा म्हणाले, "थर्मोस्टॅट हाय. बाकी काई उघडायची गरज न्हाई." अझीमनं बॉनेट उचललं. मामा जाऊन त्यांच्या कोपऱ्यावर उभे राहिले.

"काका, कोपर काढा."

"हितं काई न्हाई बे."

"काई नसंल तर काढायला काय झालं?"

मामांनी कोपर काढलं. अझीमनं हात आत घातला, चाचपलं आणि मला बोलावलं. त्यानं दाखवलं ते कुणालाही कळण्यासारखं होतं. इंजिनातलं गरम पाणी एका नळीनं डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत जातं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. पंखा त्या जाळीवरून वारा ढकलतो, तोच गरम वारा. आमच्या गाडीत त्या दोन्ही नळ्या जाळीपासून तोडून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. पाणी इंजिनातून निघत होतं आणि तिथल्या तिथे परत जात होतं. कुणीतरी जाळी गळायला लागल्यावर ती दुरुस्त करायच्या ऐवजी वाटच बंद केली होती. बोअरचं खारं पाणी रेडिएटरला घालून घालून अशा जाळ्या आपल्याकडे सर्रास गळतात, अझीम म्हणाला, आणि पुष्कळ लोक हाच उपाय करतात. आपल्याकडे हीटर लागतो कुणाला?

"दिल्लीवाले!" मामा एकदम ओरडले. "बगितलं? दिल्लीवाल्यांची कामं! गाडी इकताना लाईनच कापून दिली हरामखोरांनी!"

अझीमनं क्लिप ढिल्या केल्या, नळ्या ओढल्या आणि मध्ये जोडायला वापरलेला लोखंडी पाईपचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. वीतभरही नसेल. एका टोकाला करवतीच्या खुणा. गंज चढलेला, पण मधे निळा रंग शाबूत होता. आणि निळ्या रंगावर पांढरं कडं.

आपली वस्तू कुठंबी गेली तरी ओळखू आली पाहिजे.

मी मामांकडे बघितलं. ते रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे बघत होते. मला राग आला असं म्हणणं पुरेसं नाही. मला त्या माणसाची किळस आली. बारशाच्या चार दिवस आधी यांनी शेडमध्ये खुर्चीचा पाय कापला, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि माझा बाप नालीत हात घालून तो तुकडा शोधत होता तेव्हा हे खांबाला टेकून उभे होते. तुकडा आठ पावलांवर गाडीत होता. बाबांनी तर गाडीखालीही वाकून बघितलं होतं. आणि आता बायको थंडीनं मरायला टेकली तरी यांनी गॅस भरला, फ्यूज बदलला, पुठ्ठा बांधला, पण कोपर काही हलवलं नाही. मी तुकडा पर्समध्ये टाकला. नवी जाळी दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हणून अझीमनं तोवर नळ्या दुसऱ्या तुकड्यानं जोडून दिल्या आणि त्या दिवशी परतताना गाडी तशीच गार होती. मामा वाटभर दिल्लीच्या लोकांविषयी बोलत होते.

घरी आल्यावर आत्याबाईंना ओसरीत उन्हाला बाजेवर टेकवलं. मी निळ्या खुर्चीखालची वीट काढली आणि तो तुकडा आखूड पायाखाली उभा धरला. चार पाय एका उंचीचे झाले. चारी पांढरी कडी एका रेषेत आली.

"काय गं त्ये?" आत्याबाईंनी विचारलं. मी सांगितलं, कुठं सापडला ते. जास्त काही बोलले नाही.

त्यांनी चारी कड्यांवरून नजर फिरवली. मग मामांना म्हणाल्या, "दिल्लीवाल्यांनी आपली खुर्ची कापली व्हय?"

मामा म्हणाले, "गाडी गळत व्हती. दुसरा पाईप बसंना. घरासाठीच केलतं की मी."

"आन् इवायांना नालीत हात घालू दिला, त्ये कुणासाठी केलतं?"

मामांनी टोपी काढून झटकली. आत्याबाई म्हणाल्या, "त्यांना फोन लावा. तोवर मी त्या गाडीत बसत न्हाई. हीटर आसू द्या न्हाईतर नसू द्या." आणि वाकळ डोक्यावरून घेऊन कुशीवर वळल्या.

मामांनी फोन लावला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी बीडला जाऊन नवी जाळी बसवून आणली. हीटर लावल्याबरोबर तळव्याला ऊन वारा लागला तेव्हा मला रडू आलं, कारण आता तो कुणासाठी लागणार हे नक्की नव्हतं. मी आत्याबाईंना समजावलं, रिपोर्ट दाखवले, सूज दाखवली. त्या म्हणाल्या, "तुझं काई चुकलं न्हाई. तू मधी पडू नको." संदीपनं पुण्याहून वडिलांना फोन केला. मामा म्हणाले, "लेकीच्या बापापुढं वाकायचं का आता मी?"

पाळीच्या दिवशी पहाटे मी गाडी अंगणात सुरू करून ठेवली, हीटर लावून. काचा आतून स्वच्छ झाल्या होत्या. आत्याबाई बाजेवर जाग्या होत्या आणि उठत नव्हत्या. पायांवर सूज होती. श्वास घेताना आवाज येत होता. मामा कानटोपी घालून अंगणात गाडीभोवती फेऱ्या मारत होते. मी त्यांना आत बोलावलं आणि म्हणाले, "मामा, आज पाळी चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत काय होईल ते सांगता येणार नाही. तुम्ही बॉनेटला कान लावता तसा एकदा त्यांच्या छातीला लावा."

त्यांनी फोन काढला. मामा नेहमी स्पीकरवरच बोलत, कारण आपलं बोलणं सगळ्यांनी ऐकावं अशी त्यांची इच्छा असे.

"इवाई, माणिकराव बोलतो."

"रामराम साहेब!" बाबांचा आवाज घाबरलेला. एवढ्या पहाटे फोन म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. "इहीणबाई बऱ्या हायत ना?"

"बऱ्या हायत. ती खुर्ची... निळी. बारशातली. ती कच्चीच व्हती."

"न्हाई न्हाई साहेब, माझंच चुकलं. बगून बसायला पायजे व्हतं. आजून ध्यानात हाय माझ्या. माफ करा."

मामांनी फोन छातीला लावला आणि बायकोकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर खरोखर जिंकल्याचा आनंद होता. "ऐकलं? त्येच म्हणतेत!"

आत्याबाईंनी मान हलवली. "त्यांचं ऐकलं. तुमचं न्हाई ऐकलं मी."

मामांनी फोन परत तोंडाशी नेला. "इवाई," ते म्हणाले, "मी कापलती."

"काय कापलं?"

"खुर्ची. पाय तिचा. गाडीला पाईप पायजे व्हता. तुमी मोडली न्हाई."

मला वाटलं, आता तरी बाबा त्यांना काही बोलतील. एक शब्द. बाबा म्हणाले, "आसं व्हय. कामाचीच गोष्ट व्हती मंग. जाऊ द्या साहेब, थंडी लई हाय, इहीणबाईंना जपा."

मामांनी फोन बंद केला. "झालं?" म्हणाले. आत्याबाईंनी माझा हात धरला आणि उठल्या. बीडच्या निम्म्या वाटेवर त्यांनी वाकळ बाजूला केली, मग शालही काढली आणि म्हणाल्या, "सूनबाई, लई गरम व्हायलंय गं. जरा कमी कर." त्या दिवशी मला त्याहून गोड काही ऐकायचं नव्हतं.

यानंतर मामा बदलले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर मी त्यांचं चित्र नीट काढलेलं नाही. आठवडाही झाला नाही तोच बाजारात गोष्ट फिरायला लागली, की दिल्लीवाल्यांनी हीटरची लाईन कापून दिली होती, बीडच्या एकाही मेकॅनिकला सापडली नाही, माणिकरावांनी कान लावून पकडली. ती मला भाजीवाल्यानं कौतुकानं सांगितली. खुर्चीबद्दल मात्र ते पुन्हा काही बोलले नाहीत. तिच्याखाली वीट परत आली. तुकडा मी परत दिला नाही. तो माझ्या कपाटात आहे.

बाबांचाही मला राग आला होता. त्या फोननंतर मी माहेरी गेले तेव्हा त्यांना म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मामांसारखी माणसं तयार होतात." बाबा म्हणाले, "आसंल. पर त्यांनी आपणहून फोन केला की गं." मी कपाळाला हात लावला.

आत्याबाई पुढचे दोन हिवाळे त्या गाडीत बसून बीडला गेल्या. एकही पाळी चुकली नाही. मग एका पावसाळ्यात त्या गेल्या, दवाखान्यात, झोपेत. मामा त्यानंतर दीड वर्ष होते. ऐन थंडीत, पौषात, सकाळी शेडकडे जाताना अंगणातच पडले आणि गेले. लोक म्हणाले, मोठा जाणता माणूस गेला. मी सगळं रीतसर केलं, सून म्हणून जे करायचं ते.

बाबा भेटायला आले ते दुपारच्या एसटीनं. ओसरी माणसांनी भरलेली होती. संदीपनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, चांगली, प्लास्टिकची. बाबा म्हणाले, "नको, मी खालीच बरा." आणि सतरंजीवर बसले, भिंतीला पाठ लावून. समोर वीट लावलेल्या निळ्या खुर्चीत मामांचा कुणी जुना दोस्त आरामात बसून पाझर तलावाची गोष्ट सांगत होता आणि लोक डोळे पुसता पुसता हसत होते. बाबाही हसले.

लिंबागणेशला परत जायला बस उरली नव्हती, म्हणून मी त्यांना गाडीनं सोडायला निघाले. दिवस मावळताना गारठा पडायला लागला होता. मी हीटर लावला. बाबा दचकले, मग हळूच दोन्ही तळहात जाळीपुढे धरले. शाळेची घंटा वाजवून, फरशा पुसून राठ झालेले हात. या गाडीत ते पहिल्यांदाच बसले होते.

"कुटून येतंय गं हे ऊन?"

"इंजिनातून. गरम पाणी नळीतून येतं," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे ना, बाबा, तुमची खुर्ची इथंच लावली होती. या नळीत."

"ठाव हाय की. सायबांनीच तर सांगितलं फोनवर."

मी बटण आणखी एक घर पुढे सरकवलं. बाबांनी हात चोळले, मफलर सोडला, सीटला पाठ टेकवली. त्या माणसाच्या गाडीत, खुर्चीसारख्या सीटवर, ते पहिल्यांदा ऐसपैस बसले होते. थोडा वेळ बाहेर तुरीच्या शेतांकडे बघत राहिले आणि मग समाधानानं म्हणाले,

"काई म्हण बाई, गाडीतलं त्यांना लई कळायचं."